डोक्याशी बसेल त्याचा हुकूम

लेहच्या रुग्णालयात माझं पोस्टिंग झालं तेव्हा मी नायब सुभेदार होतो. काम नर्सिंग असिस्टंटचं. फौजी म्हटलं की लोकांना बंदूक दिसते. मी सगळ्या नोकरीत बंदुकीपेक्षा बेडपॅन जास्त वेळा उचललं, आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही.

आता रिटायर होऊन नागपूरला असतो. धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात वॉर्डबॉयना पेशंट कसा उचलायचा ते शिकवतो. ही आठवण लिहायचं मनात नव्हतं. परवा धरमपेठेत एका बारशाला गेलो, तिथं विमानप्रवासाच्या गप्पा निघाल्या. गुलाबजामची वाटी हातात धरून एक गृहस्थ म्हणाले, "तो एक जवान नव्हता का, बेल्ट सोडून विमानात हिंडत होता आणि मेला? पेपरात आलं होतं." पेपरात आलं होतं हे खरं. बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. दुसऱ्याच्या घरचं बारसं, म्हणून मी गप्प बसलो. पण राग आला आणि तो अजून उतरलेला नाही. उरलेली अर्धी बातमी इथं लिहितो.

लेह साडेअकरा हजार फुटांवर. खालून आलेल्या प्रत्येक जवानाला सुरुवातीचे काही दिवस फक्त आराम करायचा हुकूम असतो. फौजेत आराम करायचा हुकूम हा एकच, आणि तोच पोरं मोडतात. जिना धावत चढतात, व्हॉलीबॉल खेळतात, मग धापा टाकत आमच्या वॉर्डात येतात. सकाळी सहाला हजेरी, मग ऑक्सिजनचे सिलिंडर तपासायचे, मग राउंड. दिवस असे शिस्तीत जात. विमानं सकाळीच यायची आणि सकाळीच जायची, कारण दुपार झाली की डोंगरांवरून वारा सुटायचा.

आमच्या कामात एक नियम आहे. मानेची किंवा पाठीची दुखापत असलेला माणूस उचलताना जो डोक्याशी बसतो, हुकूम त्याचा चालतो. त्याच्या दोन हातांत पेशंटचं डोकं असतं. तो "उठाओ" म्हणेल तेव्हा सगळ्यांनी उचलायचं, "रुको" म्हणेल तेव्हा थांबायचं. पायाकडे कर्नल असला तरी त्यानं ऐकायचं. आणि डोक्याशी बसलेल्यानं, दुसरा कोणी येऊन डोकं हातात घेईपर्यंत, जागा सोडायची नाही. मला हे भरतीच्या पहिल्या वर्षात शिकवलं गेलं. पुढं मी कितीतरी पोरांना शिकवलं.

मार्च महिना होता. वरच्या एका पोस्टवर शिपाई अतुल मेश्राम रॉकेलचा जेरीकॅन घेऊन येताना बर्फावरून घसरला आणि खाली दगडावर मानेवर पडला. पोस्टचा रेडिओ आला तेव्हा मी ड्यूटीवर होतो.

"मरीज होश में है. ओव्हर."

"हाथ-पैर हिला रहा है? ओव्हर."

"हिला रहा है. गर्दन में दर्द बता रहा है. ओव्हर."

"गर्दन बिलकुल नहीं हिलानी. दोहराओ. ओव्हर."

"गर्दन नहीं हिलानी. रॉजर."

पोस्टवरच्या जवानांनी त्याला लाकडी फळीवर बांधून खाली आणलं. सोबत त्याचा बडी होता, लान्स नाईक दिवाकर ठवकर. बडी म्हणजे फौजेतली जोडी. एकाच्या बाजूला दुसरा झोपतो, एकाची चूक झाली की शिक्षा दोघांना. दिवाकर कुही तालुक्यातला, धानवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. मेश्राम नागपूरचा. मी पण इकडचाच, हे कळल्यावर दिवाकरचा चेहरा उजळला.

"साहेब, आपल्याकडचा मानूस भेटला, बरं झालं. हिंदी बोलून बोलून तोंड वाकडं होऊन राहिलं माह्यं."

एक्स-रेमध्ये मानेचा पाचवा मणका तडकलेला दिसला. आतला मज्जारज्जू शाबूत होता. आमच्या मेजर मॅडम, सर्जन, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "साहब, ये लड़का आज चल सकता है. एक झटका लगा, तो फिर कभी नहीं चलेगा." ऑपरेशन दिल्लीला होणार होतं. फौजेचं विमान त्या दिवशी दुसऱ्या कामावर होतं. म्हणून प्रवासी विमानात मागच्या बाजूच्या काही सीटा दुमडून स्ट्रेचर बसवायचं ठरलं. सोबत मी आणि दिवाकर.

इथं एक गोष्ट सांगावी लागेल, ती नीट लक्षात घ्या. सपाटीवरच्या दवाखान्यात पेशंटला आधी पट्टे बांधतात आणि वरून पांघरूण घालतात. लेहमध्ये आमची रीत उलटी. विमानतळावर उघड्यावर वारा असा असतो की पांघरूण राहतच नाही. म्हणून माणूस आधी कंबलात गुंडाळायचा, कंबलावर कंबल, आणि पट्टे त्याच्यावरून आवळायचे. मेश्रामला आम्ही तसंच बांधलं. मानेला कॉलर, डोक्याच्या दोन बाजूंना वाळूच्या पिशव्या, कपाळावर पट्टी, मग छाती, कंबर आणि पाय. पट्ट्याखाली बोट जात नव्हतं.

विमानाला त्या दिवशी उशीर झाला. निघालो तेव्हा सकाळ सरत आली होती. डोंगरमाथ्यावर एकावर एक पालथ्या घातलेल्या परातींसारखे ढग होते, एकदम गुळगुळीत आणि जागच्या जागी. मला ते छान वाटले. कॅप्टननं उडण्याआधी सांगितलं की वर वारा आहे, बसल्या जागी बेल्ट लावून ठेवा.

पस्तीस हजार फुटांवर विमान सपाट झालं. खिडकीत निळं आकाश, खाली शिखरं, ऊन. बेल्टची खूण विझली. एअर होस्टेस चहा-कॉफीची ट्रॉली घेऊन निघाल्या. स्ट्रेचर खिडकीच्या बाजूला होतं. मी पेशंटच्या डोक्याजवळच्या सीटवर, दिवाकर पायाकडच्या. मेश्राम फक्त वरचं पांढरं छत बघू शकत होता.

"दिवाकर, बाहेर काय दिसून राहिलं?"

"बरफ. दुसरं काय दिसन? तुह्यं लगन?"

"हसवू नको बे, मान दुखते."

त्याची लघवीची पिशवी भरली होती. ती रिकामी करायला मी टॉयलेटकडे गेलो. विमानातली हवा लेहच्या मानानं जाड आणि उबदार असते. मी नसताना मेश्राम घामाघूम झाला आणि म्हणाला, गरम होऊन राहिलं. दिवाकरनं त्याच्या अंगावरचं एक कंबल पट्ट्यांखालून हळूच ओढून काढलं आणि फौजी घडी घालून सीटवर ठेवलं. मी परत आलो तर त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं, "पट्टे खोलले नाही, साहेब. तसंच काढलं. मान जराशी बी हालली नाही."

मान हलली नव्हती हे खरं. पण जाड फौजी कंबल निघालं की पट्टा तेवढा ढिला होतो. खाली सपाटीवरच्या दवाखान्यात कंबल काढून असं झालं नसतं, कारण तिकडे पट्ट्याखाली कंबल नसतंच. मी पट्ट्याखाली हात घातला. चार बोटं आरामात गेली. तेवढ्यात बेल्टची खूण पेटली.

त्याआधी एक विचित्र गोष्ट झाली होती, तिचा अर्थ मला नंतर कळला. विमान जराही हलत नव्हतं, पण इंजिनांचा आवाज बदलत होता. जोरात घोंघावायचा, मग एकदम पडायचा, पुन्हा चढायचा. पुढं त्या कॅप्टनशी माझं बोलणं झालं, तेव्हा त्यांनी समजावलं. नदीत मोठा धोंडा असला की धोंड्याच्या पुढं पाण्याला उंचवटे पडतात. पाणी वाहून जातं, उंचवटे तिथंच राहतात. जोराचा वारा पर्वतरांगेला आडवा आला की हवेचंही असंच होतं. ते उंचवटे शिखरांच्याही खूप वर, मोठी विमानं उडतात तिथपर्यंत पोचतात. वैमानिक त्याला माउंटन वेव्ह म्हणतात; निघताना दिसलेले ते परातींसारखे ढग त्याचीच खूण होती. त्या लाटेत हवा विमानाला वर नेते, खाली ढकलते, आणि उंची-गती सांभाळायला इंजिन कमीजास्त होत राहतं. तोवर कपातला चहाही सांडत नाही. धोका लाट फुटते तिथं असतो. ढग नाही, रडारवर काही नाही, स्वच्छ ऊन पडलेलं असतं. लोक म्हणतात विमान हवेच्या खड्ड्यात पडलं. हवेत खड्डे नसतात. खड्डे आपल्या नागपूरच्या रस्त्यांवर असतात.

स्पीकरवर कॅप्टनचा आवाज आला. "केबिन क्रू, टेक युअर सीट्स." आवाज शांत होता, पण वाक्य तेवढंच होतं. मी बसलो, बेल्ट लावला आणि मेश्रामचं डोकं दोन्ही हातांत घेतलं. कोपरं स्ट्रेचरच्या कडेला टेकवली. दिवाकरनंही बेल्ट लावला. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पहिला हिसका बसला. विमान खाली गेलं आणि लगेच वर फेकलं गेलं. लोक ओरडले. वाळूची एक पिशवी घसरून खाली पडली. मेश्रामचं डोकं माझ्या हातांत जागच्या जागी राहिलं, पण त्याची छाती ढिल्या पट्ट्याखाली उचलली गेली आणि परत आदळली. डोकं स्थिर आणि धड हललेलं, नेमकं हेच व्हायला नको होतं.

"अतुल, बोटं हलव. पायाची."

"हलवतो, साहेब."

दिवाकरनं पायाकडे पाहिलं. "हालते, साहेब."

मग हवा एकदम शांत झाली. इंजिनांचा आवाज पुन्हा चढला, पडला. मला लाटेची विद्या तेव्हा माहीत नव्हती, पण हे संपलेलं नाही एवढं कळत होतं. असा आणखी एक हिसका आला आणि छाती पुन्हा उचलली गेली, तर हा पोरगा उरलेलं आयुष्य खाटेवर काढणार होता. पट्ट्याचं बक्कल मधे होतं. माझे दोन्ही हात डोक्यावर. बक्कलपर्यंत पोचेल असा माणूस एकच होता.

"दिवाकर. छातीचा पट्टा कस."

"हो साहेब."

त्यानं बेल्ट सोडला आणि उठला. एक गुडघा सीटवर टेकवला, डाव्या हाताचा पंजा मेश्रामच्या पोटावर दाबून धरला आणि उजव्या हातानं पट्टा ओढला. एकदा ओढला, हात घालून पाहिला, पुन्हा ओढला. घाई केली नाही. बक्कल लागल्याचा आवाज मला ऐकू आला.

आणि विमान पडलं.

दिवाकर छताला जाऊन आदळला. मग विमान खालून उचललं गेलं आणि तो मधल्या वाटेच्या पलीकडच्या सीटच्या हातावर मानेनं पडला, तिथून खाली. चहाची ट्रॉली आडवी झाली होती. माझ्या हातांत मेश्रामचं डोकं होतं. ते हललं नाही, आणि या वेळी छातीही हलली नाही.

माझ्या आणि दिवाकरच्या मधे हातभर अंतर होतं. आयुष्यभर मी जे शिकलो ते त्या वेळी त्याला हवं होतं. पण विमान अजून लाटेतच होतं, थरथरत होतं, आणि मी डोकं सोडलं असतं तर त्यानं जे केलं ते वाया गेलं असतं. दिवाकरनं जो नियम पाळला तोच मला लागू होता. मी सोडलं नाही. आजही तेच करीन, आणि आजही त्या हातभर अंतराची आठवण आली की जेवण जात नाही.

एक एअर होस्टेस, वीस-बावीस वर्षांची मुलगी, कपाळातून रक्त येत असताना रांगत त्याच्यापर्यंत पोचली.

"सर, मी काय करू?" तिनं माझ्या छातीवरची नावाची पाटी वाचून मराठीत विचारलं.

"डोकं दोन्ही हातांत धर, बेटा. कोपरं खाली टेकव. आता तू हलायचं नाही, त्यालाही हलू द्यायचं नाही. श्वास आहे?"

"आहे."

दिवाकरचे डोळे उघडे होते. त्यानं मान न हलवता नजर माझ्याकडे वळवली. आवाज बारीक होता, पण शब्द स्पष्ट.

"पट्टा कसला, साहेब."

फौजेत काम झालं की रिपोर्ट देतात. त्यानं रिपोर्ट दिला. मी म्हणालो, "शाबास."

थोड्या वेळानं त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. श्वास थांबला होता. दुसऱ्या एअर होस्टेसनं ऑक्सिजनची पिशवी आणली, मी बसल्या जागेवरून सांगत गेलो, त्या दोघी करत गेल्या. उतरेपर्यंत थांबल्या नाहीत. त्यांच्या कामात मला एकही चूक काढता येत नाही.

मेश्रामला छत सोडून काही दिसत नव्हतं. तो विचारत होता, "साहेब, दिवाकर कुठी हाये? बोलत काहून नाही?"

"इथंच आहे. तू बोटं हलव."

"हलवतो, साहेब." दर वेळी तो हलवत होता आणि रडत होता. त्याला कळलं होतं.

दिल्लीला विमानाच्या दारातच डॉक्टर आले. एकानं माझ्या हातांतून मेश्रामचं डोकं घेतलं, तेव्हा मी उठलो. दिवाकरला रुग्णालयात मृत घोषित केलं. त्याच्या मानेचा वरचा मणका मोडला होता. मेश्रामचं ऑपरेशन झालं, प्लेट बसवली. काही आठवड्यांनी तो वॉकर धरून उभा राहिला.

त्याच्याजवळ थांबायचा मला हुकूम होता, म्हणून दिवाकरच्या अंत्यसंस्काराला मला जाता आलं नाही. गावी सलामी झाली, सगळं रीतीनं झालं. पण पेपरात आलेलं वाक्य गावातही पोचलं होतं: बेल्ट न लावल्यानं जवानाचा मृत्यू. दिवाकरच्या वडिलांनी चौकात बसणं सोडलं, असं मला कोणीतरी सांगितलं. तेव्हा ठरवलं की मेश्राम चालायला लागला की त्याला घेऊन जायचं.

धान निघायच्या दिवसांत गेलो. रामाजी ठवकर खळ्यावर होते. साठीचे, काटक. मी नाव आणि हुद्दा सांगितला. त्यांनी खाली पोतं अंथरलं आणि बसा म्हणाले. मेश्राम गावाच्या वाटेवर गाडीपाशीच थांबला. कितीदा म्हटलं तरी पुढं येईना.

"लोक म्हंते, बेल्ट नव्हता बांधला त्यानं," रामाजी म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

"बांधला होता, काका. मी सोडायला लावला."

"काहून?"

मी सगळं सांगितलं. कंबल, पट्टा, पहिला हिसका, दुसरा. काही गाळलं नाही. कंबलाचंही नाही.

"म्हंजे हुकूम तुमचा होता?"

"हो. माझा."

"आन त्यानं काम पुरं केलं का?"

"पुरं केलं. आणि मला सांगितलंसुद्धा, पट्टा कसला, साहेब, म्हणून."

रामाजी धानाच्या ढिगाकडे बघत राहिले. मग हसले, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले. "घरी असा नव्हता जी तो. धानाच्या बांधीत पानी सोडाले धाडलं, तं अर्धं काम टाकून पोरायसंगं पळे लेकाचा. मी लय बोललो त्याले. लय बोललो."

माझेही डोळे कोरडे नव्हते.

त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "तो पोरगा कुठी हाये?"

मी वाटेकडे बोट केलं. रामाजी उठले आणि चालत गेले, मी मागून. मेश्राम सावधानमधे उभा होता, ओठ घट्ट मिटलेले. रामाजी जवळ आल्यावर तो पाया पडायला वाकला. प्लेटमुळे मान वळत नाही, म्हणून कमरेतून सरळ, लाकडासारखा वाकला. रामाजींनी त्याला खांद्याला धरून वर उचललं. त्याच्या शर्टाची कॉलर बाजूला केली आणि मागं ऑपरेशनच्या वणावर आपला हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"दुखते का गा?"

"थंडीत दुखते, बाबा."

"सांभाळ बाप्पा," रामाजी म्हणाले. "लय महागाची हाये ते."